जुन्या सालाचं हेड

त्या गॅरेजवाल्याला सगळे हेडमास्तर म्हणत. शाळेशी त्याचा संबंध सातवीतच तुटला होता. पण इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, उतरवून पुन्हा बसवावं तर त्यानंच, अशी त्याची ख्याती. वाकलेलं हेड तो नुसता हात फिरवून ओळखतो, असं लोक सांगत आणि तोही ते कधी खोडून काढत नसे.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. नवरा वारल्यावर हातपाय गाळून न बसता तिनं एक जुनी व्हॅन घेतली आणि डायलिसिसच्या पेशंटांची ने-आण सुरू केली. चार माणसं, आठवड्यातून तीन दिवस. इस्पितळ टेकडीवर होतं. शेवटचे सहा किलोमीटर नुसता चढ.

एका शुक्रवारी व्हॅनच्या हेडला तडा गेला.

"सोमवारी गाडी हवीच रे," ताई म्हणाली. "एक खेप चुकली की अंगात पाणी साचतं त्यांच्या."

"तू कशाला जीव टांगणीला लावतेस? मी आहे ना!"

बोलून तर बसला. पण त्या सालाचं हेड कुठं मिळेना. मागच्या शेडमध्ये त्याच इंजिनाचं, चार वर्षं आधीच्या मॉडेलचं एक हेड पडलेलं होतं. त्यानं मापं घेतली. बोल्टांची भोकं जुळली, बाकीचंही जुळलं. रविवारी दुपारी ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागावर, मधल्या सांध्याचं नवं गॅस्केट ठेवून त्यानं हेड उलटं धरलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळायला जी भोकं असतात, त्यातलं सगळ्यात मागचं, चौथ्या सिलेंडरजवळचं, ब्लॉकला होतं, गॅस्केटलाही होतं. हेडला त्या जागी नुसतं सपाट लोखंड. कंपनीनं ते भोक नंतर वाढवलं असणार, आणि कंपनी काही हौसेनं भोकं पाडत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक!

तो बराच वेळ त्या जागेवर अंगठा ठेवून उभा राहिला. मग "चालून जाईल" असं स्वतःशीच पुटपुटला आणि बोल्ट आवळायला घेतले.

सोमवारी चावी घेताना ताईनं विचारलं, "चढावर जरा जपून चालवू का?"

"बिनधास्त चालव."

तीन आठवडे व्हॅन चालली. चौथ्या आठवड्यात चढावरच्या तिसऱ्या वळणावर ती वाफ ओकत बंद पडली. दुसरी गाडी यायला अडीच तास लागले. तेवढ्यात चौघांपैकी म्हाताऱ्या पोस्टमनला धाप लागली. जीव वाचला, पण नऊ दिवस तो अतिदक्षता विभागात होता, आणि घरी आला तो दारापर्यंतही एकट्याला चालता येईना असा होऊन.

व्हॅन ओढून गॅरेजात आणली. हेडमास्तरानं हेड उतरवलं. गॅस्केट नेमकं चौथ्या सिलेंडरपाशी जळलं होतं. त्यानं ते घडी घालून भंगाराच्या डब्यात अगदी तळाशी दडपलं. मग बरोबर सालाचं हेड शोधायला निघाला आणि तीन गावं पालथी घालून तिसऱ्या दिवशी ते घेऊनही आला. आधी का नाही फिरलो, हा प्रश्न परतीच्या वाटेवर त्याच्या मानगुटीवर बसला होता.

व्हॅन तयार झाल्यावर तो चावी द्यायला ताईकडे गेला. ती भाजी निवडत होती. चावीकडे तिनं पाहिलंही नाही.

"विकून टाक ती. इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा मधेच होता असं मला वाटत राहिलं. म्हणजे मला धड दिसतही नाही आता. एका माणसाला मारलंच होतं मी."

काटा मधेच असणार, हे तो जाणून होता. उष्णता मोजणारा सेन्सर इंजिनाच्या पुढच्या टोकाला, जिथं पाणी व्यवस्थित खेळत होतं. होरपळत होतं ते मागचं टोक.

"ताई, तुझे डोळे ठीक आहेत," तो म्हणाला, आणि एकेक करून सगळं सांगितलं. भोक, अंगठा, "बिनधास्त चालव", सगळं.

ताईचे हात थांबले. तिनं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"मला सांगितलं असतंस, तर मी चढावर दोनदा थांबले असते," ती म्हणाली. "एवढंच तर करायचं होतं. आता मला काय सांगतोस? त्यांना जाऊन सांग."

तो गेला. पोस्टमनच्या बायकोनं त्याला बस म्हटलं नाही. त्यानं उभ्यानंच सांगितलं. खाटेवरच्या म्हाताऱ्यानं नीट ऐकून घेतलं आणि कुतूहलानं विचारलं, "मग ते भोक पाडता आलं नसतं का?"

"आलं असतं. अर्ध्या दिवसाचं काम."

"अर्ध्या दिवसाचं," म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

ताई अजून व्हॅन चालवते. तेच चौघं, तोच चढ. भावाशी तिनं अबोला धरला नाही. येते, चहा घेते, पोराबाळांची चौकशी करते. मात्र गाडीचं काम ती आता पुलापलीकडच्या दुसऱ्या गॅरेजात करून घेते. व्हॅन दारात उभी असली की तो बाहेर येतो, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकतो. बॉनेट उघडू का, असं विचारायचं मात्र त्याला अजून धाडस झालेलं नाही.