बारा सव्वीसचा कवडसा

अजूनही अनोळखी घरात जमिनीवर उन्हाचा गोल कवडसा दिसला की मी त्याला वळसा घालून जाते. लोकांना वाटतं, बाईंचं काहीतरी सोवळंओवळं आहे. सोवळं कसलं, माझ्या सरांच्या घरात कवडशावर पाय द्यायची सोय नव्हती, एवढंच.

सर सोलापुरात आम्हाला कॉलेजात फिजिक्स शिकवायचे; मी निम्मा वेळ त्यांच्या घरीच असायचे. पूर्व भागातलं विणकरांचं घर; आत तेलुगू, बाहेर मराठी. शेजारचे यंत्रमाग दिवसभर खडखडायचे. नवरा प्राध्यापक झाला तरी काकूंनी विड्या वळणं सोडलं नव्हतं. मांडीवर सूप घेऊन बसायच्या आणि आमच्या बोलण्यात मधूनच टोला हाणायच्या. मधल्या खोलीच्या पत्र्याला सरांनी मुद्दाम एक भोक ठेवलं होतं. रोज बारा वाजून सव्वीस मिनिटं झाली, की त्यातून पडलेल्या कवडशाच्या मधोमध, खालच्या शहाबादी फरशीवर, ऑइलपेंटचा एक ठिपका द्यायचा, दर वर्षी वेगळ्या रंगाचा. सोलापूरची मध्यान्ह बाराला नाही, सरासरीनं बारा सव्वीसला होते, हे मला तिथं कळलं. वर्षभराचे ठिपके मिळून भिंतीपर्यंत जाणारा लांबुडका आठ तयार व्हायचा. पावसाळ्यात ढगांमुळे त्याला फटी पडायच्या. सर त्या तशाच ठेवायचे. दिसलं नाही ते मांडायचं नाही, दिसलं ते पुसायचं नाही, हा त्यांचा सगळा धर्म.

एकदा श्रावणात ते कॉलेजच्या कामाला चार दिवस मंगळवेढ्याला गेले आणि ब्रश माझ्या हाती आला. तिसऱ्या दिवशी आभाळ गच्च. मी अठरा वर्षांची अतिशहाणी. मागच्या वर्षीच्या पिवळ्या ठिपक्याला खेटून हिरवा ठिपका ठोकून दिला. कोणाला कळणार होतं? सर आले, उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले, आणि काहीच बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

पुढं मी सोलापूर सोडलं, एका मोठ्या संस्थेत लागले, मोठी झाले. उपग्रहांच्या कक्षा हे माझं काम. उपग्रह वर आपल्या वाटेनं फिरतो, खाली पृथ्वी स्वतःभोवती फिरते. पण ती रोज अगदी सारख्या वेगानं फिरत नाही. वारा, समुद्र, जमिनीत मुरलेलं पाणी इकडचं तिकडं झालं की दिवस सेकंदाच्या हजाराव्या भागानं, कधी त्याहूनही कमी, लांबतो नाहीतर आखूड होतो. जमिनीवरून उपग्रहावर लेसरचा झोत मारायचा, तो परत यायला लागलेला वेळ मोजायचा, आणि त्यावरून हा फरक पकडायचा. ही माहिती जगभर कोणालाही फुकट मिळते. निवृत्त झालेल्या सरांनी ती घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि तीन वर्षं एकट्यानं गणित केलं. वाऱ्यासमुद्राचा वाटा वजा केला तरी दर पावसाळ्यात थोडंसं काहीतरी उरतं, असं त्यांना दिसलं. ते आपल्याकडच्या जमिनीत मुरलेल्या पाण्याचं असावं, असं त्यांचं म्हणणं. सगळं मला पाठवून लिहिलं, 'तपासून बघ. तू म्हणशील ते खरं.'

मी काय केलं? कामाच्या रगाड्यात त्यांचे आकडे माझ्या प्रोग्राममध्ये घातले. अपेक्षेपासून फार लांब पडलेलं निरीक्षण खराब समजून आपोआप गाळायचं, अशी आमची रीत. सगळेच तसं करतात. उत्तर सपाट आलं. 'सर, खराब निरीक्षणं गाळली की काही उरत नाही, मोजमापातला दोष आहे,' अशी दोन ओळींची मेल मी टाकली. तोंडाची फटकळ आहेच मी, बोटांचीही निघाले. त्यांचं 'बरं' एवढंच उत्तर आलं. नंतर दर दिवाळीला फोन करायचे, तब्येत विचारायचे, सोलापूरला कधी येतेस म्हणायचे. येते येते म्हणत मी गेले नाही. मग ते गेले.

ते गेल्यावर वर्षभरानं जुना प्रोग्राम मोडीत काढायचा म्हणून मी जुनी कामं उघडली. गाळलेल्या निरीक्षणांची यादी कोण कशाला वाचतंय! त्या दिवशी वाचली. सरांच्या आकड्यांतून जे जे गाळलं होतं, ते जवळजवळ सगळं पावसाळ्याच्या महिन्यांतलं होतं. ते परत घालून गणित केलं, प्रत्येक निरीक्षण वेगळं तपासलं. सरांचा पावसाळ्यातला उंचवटा आलेखावर जिथल्या तिथं उभा होता. मी अपेक्षा धरून बसले होते आणि अपेक्षेत न बसणारं सगळं फेकून दिलं होतं. पण मेलेल्या माणसाला काय सांगायचं, अशी स्वतःची समजूत घालत मी चार महिने तोंड शिवून बसले.

आणि काकूंचा फोन आला. पत्रा काढून स्लॅब टाकायचा होता, खाली शहाबादी काढून स्टाईलची फरशी बसवायची होती. सरांच्या वह्या घेऊन जा म्हणाल्या, नाहीतर रद्दीत जातील.

गेले. माग तसेच खडखडत होते. काकू थकल्या होत्या, विड्यांचं सूप सुटलं होतं. शेवटची वर्षं सर कसे काढायचे ते सांगत बसल्या. ठिपका देऊन झाला तरी जागचे हलायचे नाहीत, म्हणाल्या. फोन मांडीवर घेऊन तासभर तिथंच. मला वाटलं, फोन घड्याळासाठी. माझा हिरवा ठिपका अजून तिथंच होता. त्याच्याकडे बघवेना.

"येवढं सांग की मला," काकू म्हणाल्या. "त्यांचं ते गणित चुकलेलं का बरोबर होतं? खोटं असंल तर उद्याच स्टाईल घालते. खरं असंल तर ही खोली राहू दे."

माझ्या जिभेवर आलं होतं की थोडं बरोबर, थोडं चूक. शास्त्रज्ञाला असं बोलायला फार सोपं जातं. पण काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"बरोबर होतं, काकू. चुकले मी. आणि ते कळूनही गप्प बसले."

काकू उठल्या. आत जाऊन एक वही घेऊन आल्या. त्यांना तेलुगू वाचता यायचं, मराठी अक्षर जेमतेम. शेवटचं पान उघडून माझ्यापुढं धरलं. ते रोज हेच पान काढून बसायचे, काय लिहिलंय वाच, म्हणाल्या.

त्यावर दोनच नोंदी होत्या. पहिली जुन्या वहीतून उतरवून घेतलेली, त्या श्रावणातली: 'आज ढग होते. हा ठिपका तिनं मनानं दिलाय. विचारू नये, स्वतः सांगेल.' खाली दुसरी, माझ्या मेलच्या दुसऱ्या दिवसाची: 'तिनं पावसाळा गाळलाय. विचारू नये, स्वतः सांगेल.'

मी मोठ्यानं वाचलं. दुसरी ओळ काकूंनी परत वाचायला लावली.

"म्हणजे तुझ्या फोनला बसत होते व्हय," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, उन्हाला बसतात."

मी रडले. त्यांनी रडू दिलं, जवळ घेतलं नाही, रागावल्याही नाहीत. चहा केला. कप उचलताना म्हणाल्या, आता स्टाईल घालून टाकते; खोली कशाला ठेवायची, वाट बघायची होती ती संपली की.

आता तिथं स्लॅब आहे, पांढरी चकचकीत फरशी आहे. सरांचं काम मी त्यांच्या नावानं लिहून पाठवलं, माझी चूकही त्यात लिहिली. त्यानं काही हलकं झालं नाही. रोज बारा सव्वीसला, असेन तिथं, मी फोन हातात घेते. त्यांचा नंबर अजून त्यात आहे.