मोठ्या बाई रागावून दाखवतात

चिखलीतल्या आमच्या शाळेचे शिक्षक आणि जवळच्या चौकीतले पोलीस यांना एकत्र बसवून 'पुनर्स्थापक न्याया'चं प्रशिक्षण देणार, असं कळलं. म्हणजे शिक्षेची घाई करायची नाही, दुखावलेल्या माणसाचं आधी ऐकायचं. मला वाटलं, चला, एक दिवस सहावी 'ब'पासून सुटका. सुटका झालीही, पण गोलात खुर्च्या मांडल्या तेव्हा मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, नेमक्या माझ्या समोर येऊन बसल्या.

मी चऱ्होलीहून येते. वाटेत चाकणला जाणारे कंटेनर आणि कंपन्यांच्या बस एकमेकांत अडकल्या की देवसुद्धा वेळेवर पोचणार नाही. त्याच आठवड्यात मला उशीर झाला होता आणि मोठ्या बाईंनी प्रार्थनेला, माइकवरून, अख्ख्या शाळेसमोर मला झापलं होतं. तेव्हापासून मी वर्गात शिरले की पोरं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. मला राग यायचा, त्याहून जास्त रडू यायचं.

प्रशिक्षक म्हणाले, "चूक कोणी केली, हे नंतर. आधी विचारायचं, कोणाला लागलं?"

माझ्या शेजारचे हवालदार चुळबुळले. "सर, आरोपीच न्हाई, तर विचारायचं कुनाला?"

मग खरा घडलेला एखादा प्रसंग करून दाखवायचा ठरला. मी धीर करून म्हणाले, "एका शाळेत एका बाईंना उशीर झाला म्हणून सगळ्यांसमोर बोलणी बसली." शाळेचं नाव अर्थातच गिळलं. उशिरा येणारी बाई मीच झाले. हवालदार मुख्याध्यापिका झाले. मिशीवरून हात फिरवून ते मऊ आवाजात म्हणाले, "या ताई. ट्रॅफिक लागलं व्हय? बसा, पानी घ्या."

मोठ्या बाईंना ते सहन होईना. "अहो, असं रागावतात का? व्हा बाजूला." पदर खोचून त्या मधे आल्या. "एवढ्याएवढ्या पोरांना वेळेवर यायला जमतं, तुम्हालाच काय मुहूर्त काढून द्यावा लागतो?"

माइक नव्हता, तरी चहावाला दारातून डोकावला. शब्दन् शब्द त्या दिवशीच्या प्रार्थनेतलाच होता. नाटकच चाललं होतं, पण माझे डोळे भरून आले.

प्रशिक्षकांनी हळूच विचारलं, "कोणाला लागलं?"

हवालदारांनी मला आपला रुमाल दिला आणि बाईंना म्हणाले, "मॅडम, आमी आरोपीलाबी आत नेऊन रागावतो."

बाई जागेवर जाऊन बसल्या त्या संध्याकाळपर्यंत गप्प. आमचा सगळा स्टाफ धास्तावला. मी तर ठरवूनच टाकलं, आता आपलं काही खरं नाही.

सोमवारी पुन्हा कंटेनर आडवा. मी फाटकातून चोरासारखी आत शिरले तेव्हा प्रार्थना सुरू होती. बाईंनी माइक सोडला, माझा दंड धरून मला पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि कानाशी कुजबुजल्या, "एवढ्याएवढ्या पोरांना वेळेवर यायला जमतं, तुम्हालाच काय मुहूर्त काढून द्यावा लागतो?"

एक शब्द कमी केला नाही. मी वर्गात गेले, तर पोरं माझ्याकडे बघत होती, घड्याळाकडे नाही.