राऊत नव्हे, राउतेनाग

रिबेकाचा फोन आला तेव्हा मी रामदासपेठेत दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. "मावशी, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली, आणि मग बराच वेळ तिच्या मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत असल्याचा आवाज येत राहिला. नाश्ता झाल्यावर तिचे पप्पा, म्हणजे आमचे सर, पेपर घेऊन बसले होते, आणि बसल्या बसल्याच मान कलली, हे तिनं नंतर सांगितलं. तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं गेलं. मी उठले, आणि आत जायच्याऐवजी जिना उतरून रस्त्यावर आले. दात दुखत होता की नाही, तेही आठवेना. आठच दिवसांपूर्वी मी त्यांच्याकडे मनीषनगरला जाऊन आले होते. निघताना ते लिफ्टपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी निवांत या मॅडम, अर्ध्यातच उठून जाता तुमी." …त्याला आता दोन महिने होत आले.

विजय राउतेनाग सर आणि मी नागपूरच्या सदर भागातल्या एकाच शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. ते गणित, मी मराठी. मी काटोलकडच्या शेतकरी घरातली, लग्न होऊन नागपुरात आलेली. शाळेतल्या पहिल्या दिवशी मुख्याध्यापिकांनी ओळख करून दिली ती "हे राऊत सर" अशी. समोरचा उंच, सावळा माणूस हसून मला म्हणाला, "राउतेनाग. मागचा नाग इसरू नका मॅडम, चावते तो." मला वाटलं, थट्टा करत असतील. मस्टरवर पाहिलं तर खरंच तसंच लिहिलेलं. मुलं त्यांना राऊत सरच म्हणत. गॅसच्या कार्डावर ते राऊतराव होते, मतदार यादीत एकदा राऊत आणि नाग अशी दोन वेगळी माणसं झाली होती. "हे कुठलं आडनाव हो?" असं कुणी विचारलं की ते शांतपणे सांगत, "सदरचं." विचारणाऱ्याचं समाधान होत नसे. त्यांचंही होत नव्हतं, पण ते मला फार उशिरा कळलं.

घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली हकिकत अशी होती. त्यांचे पणजोबा कार्ल हे जर्मन. विदर्भात कापसाच्या जिनिंगची यंत्रं बसवायला आले आणि इथेच राहिले. इथल्याच एका ख्रिस्ती मुलीशी, कृपाबाईशी, त्यांनी चर्चमध्ये लग्न केलं. मुलगा झाला, सॅम्युएल. तो पाळण्यात असतानाच पहिलं महायुद्ध सुरू झालं, आणि इतर जर्मनांबरोबर कार्लनाही नगरच्या छावणीत नेऊन ठेवलं. युद्ध संपल्यावर त्यांना बोटीत बसवून मायदेशी पाठवलं म्हणतात. परत आले नाहीत. पत्रही नाही. कृपाबाईंनी मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम करून मुलाला वाढवलं आणि मरेपर्यंत सही मात्र 'कृपाबाई राउतेनाग' अशीच केली. कार्ल बोटीवरच वारले असतील, असं घरात सगळे धरून चालले होते. "तसं मानलं का बरं वाटते," सर एकदा म्हणाले होते. "मेलेल्या माणसाचा राग नाही येत ना."

आडनावाचा शोध त्यांनी घेतला तो रिबेकाच्या लग्नानंतर. ती त्यांची एकुलती एक मुलगी, नर्स आहे. लग्नानंतर तिनं नवऱ्याचं साळवे हे नाव लावलं. त्यात वावगं काही नव्हतं, पण नावाचे कागद करताना ती वैतागून बोलून गेली, "पप्पा, जन्मभर लोकायले स्पेलिंगच सांगत बसू का मी?" दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर समीकरण मांडता मांडता ते मध्येच थांबले आणि खडू हातात घेऊन नुसते उभे राहिले, हे मी व्हरांड्यातून जाताना पाहिलं. मधल्या सुट्टीत मी विचारलं, "काय झालं सर?" "काही नाही मॅडम. मी आन जबलपूरचा माहा चुलतभाऊ. त्याचं लगन झालं नाही. आमी दोघं गेलो का हे नाव संपलं. असं गणित करून राहिलो होतो."

निवृत्तीनंतर, आणि विशेषतः रिबेकाची आई गेल्यावर, त्यांनी ते गणित नीट मांडायला घेतलं. कॉम्प्युटरवर शोधायला बसले. 'राउतेनाग' असं लिहिलं की साऱ्या जगातून एकच माणूस निघे, आणि तो ते स्वतःच असत. शाळेच्या जुन्या निकालाच्या यादीत. मग एका दुपारी त्यांचा फोन आला, आवाज असा की मला वाटलं रिबेकाला मूल झालं. "मॅडम, एच! एच गायब आहे!" मूळ नाव राउटेनहाग होतं. मधला 'एच' कुठल्याशा कारकुनाच्या कानाला ऐकू आला नसावा, आणि बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात तो कायमचा गळला. 'एच'वाले जर्मनीत होते, पण तिथेही इतके थोडे की मोजायला दोन्ही हातांची बोटं लागली नाहीत. 'राउटे' म्हणजे समभुज चौकोन, असंही त्यांना शब्दकोशात सापडलं. गणिताच्या मास्तराला आणखी काय हवं? चार दिवस त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. "आडनावातच भूमिती आहे मॅडम, मी दुसरा कोन होणार होतो?"

जितके पत्ते सापडले तितक्यांना त्यांनी इंग्रजीत पत्रं लिहिली. सुवाच्य अक्षरात, समास सोडून, जणू बोर्डाचा पेपर. महिने गेले. एकीचंच उत्तर आलं. हिल्डा राउटेनहाग, वय ऐंशीच्या पुढे, एका लहानशा गावात एकट्या राहणाऱ्या, शाळेत शिकलेलं इंग्रजी अजून थोडंफार येणाऱ्या. कार्ल हे त्यांच्या आजोबांचे धाकटे भाऊ. म्हणजे नात्यानं त्या सरांच्या आत्या लागत होत्या, आणि त्या दिवसापासून सर त्यांना हिल्डाआत्याच म्हणू लागले. आत्यांनी पहिल्याच पत्रात भूमितीवर पाणी टाकलं. चौकोन नव्हे, म्हणाल्या, राउटे नावाचं एक उग्र वासाचं औषधी झुडूप असतं. गावाबाहेर त्या झुडपांचं कुंपण असलेली जागा होती, तिथे राहणारे ते राउटेनहाग. पाकिटात एक वाळलेली डहाळी होती. सरांनी ती मला दाखवली. मी चुरगळून वास घेतला आणि म्हणाले, "अहो सर, ही तर सताप! आमच्याकडे लहान लेकरांना खोकल्यावर देतात." त्याच संध्याकाळी कुठल्याशा रोपवाटिकेतून सतापीची दोन रोपं आणून त्यांनी बाल्कनीत लावली.

दुसऱ्या पत्राच्या वेळी मात्र ते स्वतःच माझ्या घरी आले. दारात चपला काढून नुसते उभे राहिले. मी पाणी दिलं, ते तसंच हातात धरून बसले. हिल्डाआत्यांकडे घराण्याची एक वही होती, चामड्याच्या बांधणीची, त्यात प्रत्येक जन्म, लग्न, मृत्यू नोंदलेला. कार्लविषयी तिथे लिहिलं होतं : भारतात गेला, युद्धानंतर परतला, सुतारकाम केलं, म्हातारा होऊन वारला. अविवाहित. निःसंतान.

"बोटीवर नाही मेला तो," सर म्हणाले. "घरी गेला. जेवला-खाल्ला, म्हातारा झाला. आन कोनी इचारलं तं सांगतलं, माह्यं लगन नाही झालं. …माही पणजी इथं जिंदगीभर त्याच्या नावानं सही करून राहिली होती, मॅडम. कोनाच्या नावानं?"

मी त्यांना सव्वीसहून अधिक वर्षं पाहत होते. बायको गेली तेव्हाही हा माणूस लोकांसमोर रडला नव्हता. त्या दिवशी रडला. मी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला. मग मी म्हणाले, "तुम्ही हिल्डाबाईंना खरं काय ते कळवा." ते म्हणाले, "काहून? तिची काय चूक?" "चूक नाही, म्हणूनच कळवा. तिला माहीत नाही."

पंधरा-वीस दिवस त्यांनी काहीच केलं नाही. फोन केला तर "तब्येत बरी आहे" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. मग एक दिवस रिबेकाला घेऊन ते चर्चच्या कार्यालयात गेले. पाळकसाहेबांनी कपाटातून जुनी रजिस्टरं काढून दिली. लग्नाच्या पानावर कार्ल आणि कृपाबाई, खाली दोघांच्या सह्या. बाप्तिस्म्याच्या पानावर सॅम्युएल, आणि बापाच्या रकान्यात कार्लचं नाव, 'एच'शिवाय. रिबेकानंच दोन्ही पानांचे फोटो काढले. घरी येताना तिनं ऑटोत त्यांचा हात धरला होता, असं त्यांनी मला नंतर दोनदा सांगितलं. पत्र त्यांनी चार ओळींचं लिहिलं : तुमच्या वहीत चूक आहे असं मी म्हणत नाही. आमच्या वहीत काय आहे, ते सोबत पाठवतो. आम्ही आहोत, एवढंच तुम्हाला कळावं.

उत्तर यायला फार दिवस लागले. आत्या आजारी तर नसतील, रागावल्या तर नसतील, या काळजीत सर वाळत गेले. त्यांचं हृदय आधीच कमजोर होतं. त्या काळात दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या खेपेला घरी आले आणि टपालात ते पाकीट पडलेलं होतं. आत वहीच्या त्या पानाचा फोटो. 'अविवाहित, निःसंतान' या शब्दांवर एक सरळ रेघ मारलेली, आणि खाली थरथरत्या हातानं, पण नव्या शाईनं लिहिलेलं : पत्नी कृपाबाई, नागपूर. मुलगा सॅम्युएल. मग सरांचे वडील, मग विजय, मग रिबेका. सगळ्यांची नावं 'एच'शिवाय, जशी इथल्या रजिस्टरात आहेत तशी. सोबतच्या चिठ्ठीत आत्यांनी लिहिलं होतं की हे त्यांनी आधीच करायला हवं होतं, पण त्या वहीत आजवर कुणीच काही खोडलेलं नव्हतं, आणि पेन उचलायला त्यांना बरेच दिवस लागले. आणि शेवटी : या गावात राउटेनहाग आता मी एकटी. तिकडे तुम्ही. म्हणजे आपण दोघं आहोत.

जबलपूरचा भाऊ गेल्या वर्षीच वारला होता. गणित खरंच दोनावर आलं होतं.

त्यानंतर मी गेले ती शेवटची भेट. सर बरे दिसत होते. आत्यांच्या गावाला जायचं म्हणत होते, पासपोर्टचा अर्ज भरून ठेवला होता. आडनावाच्या रकान्यात राउतेनाग. मी गमतीनं म्हटलं, "आता तरी 'एच' घालून घ्या सर, मूळ नाव मिळालं ना." ते अर्जाकडे बघत म्हणाले, "नाही मॅडम. 'एच'वालं त्याचं नाव. हे कृपाबाईचं आहे. तिनं चालवलं." मग रिबेकानं चहा आणला आणि विषय बदलला. मलाही घरी काम होतं. मी अर्ध्यातच उठले…

ख्रिस्ती दफनभूमीत शाळेची बरीच जुनी मुलं आली होती, पोटं सुटलेली, केस पिकलेली. "राऊत सर गेले," असं एकमेकांना सांगत होती. रिबेका प्रत्येकासमोर हात जोडून उभी होती.

गेल्या आठवड्यात तिनं मला बोलावून घेतलं. सरांची खोली आवरायची होती, तिच्यानं एकटीनं होत नव्हतं. पण आम्ही आवरलं काहीच नाही. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "मावशी, आत्याबाईंचं पत्र आलं." सर गेल्याचं तिनं त्यांना कळवलं होतं. त्यांच्याकडे नोव्हेंबरअखेरच्या एका रविवारी, वर्षभरात वारलेल्यांची नावं चर्चमध्ये मोठ्यानं वाचतात. गावातली नावं. आत्यांनी पाळकांना जाऊन सांगितलं की यंदा माझ्या घरातला एक माणूस गेलाय, त्याचंही नाव घ्या. पाळकांना ते म्हणता येईना. विजय कसं म्हणायचं, राउतेनाग कसं म्हणायचं? आत्यांनी मग रिबेकाला फोनवर विचारलं. तिनं ते नाव स्वतः उच्चारून पाठवायचा प्रयत्न केला. तीन-चार वेळा केला, पण दर वेळी रडूच फुटे. शेवटी तिला सरांनी कधीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला आवाज सापडला, आणि तिनं तोच पुढे धाडला. पाळकांनी तो ऐकून ऐकून सराव केला. रविवारी नाव वाचलं गेलं तेव्हा चर्चमध्ये बारा-पंधरा म्हातारी माणसं होती, आणि आत्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्याकडे आपलं माणूस असलं की उभं राहतात.

"ऐकायचंय?" रिबेकानं विचारलं. मी मान हलवली. तिनं फोन पलंगावर आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला. आधी थोडी खरखर झाली, कुठूनतरी स्कूटर गेली, आणि मग त्यांचा तो वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज खोलीत आला.

"हॅलो… मी विजय राउतेनाग बोलून राहिलो. रिबेका, ऐकू येऊन राहिलं का वं बेटा?"

तिनं ते पुन्हा लावलं.