पहिली ओळ तेवढी त्याची

हल्डा लिंडक्विस्टचा चेहरा पडद्यावर कधीच आला नाही. हात मात्र तीसेक चित्रपटांत येऊन गेला. हॉलिवूडच्या एका मोठ्या स्टुडिओत सामानखात्याच्या माडीवर, पेंढा भरलेलं हरीण आणि खोट्या तोफा यांच्यामध्ये तिचं टेबल होतं. राण्यांची फर्मानं, पळून जाणाऱ्या मुलींच्या चिठ्ठ्या, म्हाताऱ्या जमीनदारांची मृत्युपत्रं, सगळं तीच लिहायची. पूर्वी आयोवातल्या एका शाळेत ती मुलांना वळणदार अक्षर शिकवत असे. शेतावर वाढल्यामुळे पंजे रुंद होते, म्हणून पुरुषाचा हात हवा असला तरी कोटाची बाही चढवून तिलाच बसवायचे.

"काय हल्डाबाई, आज कुणाला मारलंत?" खात्याचा मुख्य डटन रोज सकाळी विचारायचा.

"एका उमरावाला. सगळी इस्टेट घोड्याला ठेवून गेला."

"शहाणा होता. बायको बघितलीय मी त्याची."

असं चाललेलं असायचं. एकटी होती, पण कुढी नव्हती. फक्त स्वतःच्या नावाने ती कधी पत्र लिहीत नसे. बहिणीला नाताळात छापील कार्ड जाई, त्यावर नुसती सही.

अडतीस सालच्या मार्चमध्ये स्टुडिओने एक जुनी इंग्रजी कादंबरी पडद्यावर आणायला घेतली. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. समुद्रकाठच्या गावातली एक शिक्षिका आणि जहाजाचा कॅप्टन यांचं प्रेम. जहाज बुडायच्या आदल्या दिवशी कॅप्टन तिला पत्र लिहितो, आणि त्या एका पत्रावर ती उरलेला जन्म काढते. डटनने त्या पत्राचा टाइप केलेला कागद हल्डाच्या पुढ्यात ठेवला आणि तो खाली निघून गेला.

'देहाने नाही आलो तरी येईन. रोज दिवेलागणीला तुझ्या दाराशी येईन. दार नुसतं लोटून ठेव, कडी लावू नकोस.'

हल्डाने कागद पालथा घातला. पुढचं वाचायची तिला गरज नव्हती. ते सगळं तिला वीस वर्षं तोंडपाठ होतं.

अठरा सालच्या ऑक्टोबरात ती एकोणीस वर्षांची होती. गावाजवळच्या लष्करी छावणीत तापाची साथ आली होती आणि गावातल्या मुली आजारी शिपायांची पत्रं लिहून द्यायला जात. दोन खाटांमधल्या वेळात वाचायला तिने हीच कादंबरी पिशवीत ठेवलेली. एका दुपारी ऑरिन टॅकेट नावाच्या पोराने तिला खूण केली. त्याचे ओठ निळे पडले होते. पाकिटावरचं नाव आणि पत्ता सांगून झाल्यावर तो म्हणाला, "लिहा. लेनोर, माझी वाट बघू नकोस." मग श्वास घ्यायला थांबला, आणि थांबलाच.

कागदावर तेवढी एकच ओळ होती. एवढीशी ओळ एखाद्या मुलीला पाठवायची कशी, असं हल्डाला वाटलं. तिने त्याच्या खाटेशेजारी बसूनच पिशवीतलं पुस्तक काढलं आणि 'पण' हा शब्द घालून पुढे कॅप्टनचं अख्खं पत्र उतरवलं. लिहिताना रडलीसुद्धा. आपण फार मोठं पुण्य केलं, असं तिला त्या दिवशी वाटलं. महिनाभराने वाटेनासं झालं. खरं कळवावं म्हणून तिने चार वेळा कागद घेतला आणि चारही वेळा फाडला.

आता तेच पत्र पुन्हा तिच्याच हाताने लिहायचं होतं. दुसऱ्या कुणाला द्या, म्हणून ती डटनकडे गेली.

"का हो? दुखतोय का हात?"

"नाही."

"मग काय बिघडलं? चार ओळी तर आहेत."

ती परत फिरली. दिव्यांच्या झोतात, अंगठीसकट कॅप्टनची बाही चढवून ती बसली. दिग्दर्शक केसलर मागून म्हणाला, "बाई, हात जरा कापू दे. माणूस मरायला टेकलाय." हात आधीपासूनच कापत होता. "वा! असंच. अगदी असंच राहू दे," तो खूश होऊन म्हणाला.

चित्रपट नाताळात लागला आणि तुफान चालला. हल्डा बघायला गेली नाही.

फेब्रुवारीत फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. "आयोवाहून एक बाई आल्यात. कॅप्टनचं पत्र कुणी लिहिलं, त्यांना भेटायचंय म्हणतात. देऊ का हाकलून?"

"नको," हल्डा म्हणाली. "वर पाठवा."

बाई चाळिशीच्या, सडपातळ, तीन दिवसांच्या प्रवासाने चुरगळलेला करडा कोट. हरणाला वळसा घालून त्या टेबलाशी आल्या. नाव सांगितलं नाही. पर्समधून घडीवर फाटत आलेला कागद काढून समोर ठेवला, आणि शेजारीच पडलेल्या फर्मानाकडे, त्यातल्या लांब शेपटीच्या इंग्रजी 'वाय'कडे बघत राहिल्या.

"लेनोर प्रूएट," हल्डाच म्हणाली.

"म्हणजे तुम्हीच."

"मीच."

लेनोर खुर्चीवर बसली. "ऑरिनचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलंय हे मला तेव्हाच कळलं होतं. पण शब्द त्याचे आहेत असं मी धरून चालले. गेल्या आठवड्यात गावात सिनेमा बघायला गेले. माझं पत्र, त्याच अक्षरात, भिंतीएवढं. माझ्या दाराचं बोलणं त्या नटाच्या तोंडी. आजूबाजूला सगळ्या बायका रुमाल काढून रडतायत, आणि मी उभी. मागचा ओरडतोय, 'अहो बाई, बसा खाली!'" तिने कागदावर बोट ठेवलं. "खरं सांगा. यातलं त्याचं किती?"

हल्डाने खोटं बोलायचा विचार केला नाही असं नाही. कादंबरी त्यालाही पाठ होती, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण तिने कागद जवळ ओढला आणि 'पण'च्या आधी नख टेकवलं.

"पहिली ओळ तेवढी त्याची. पुढे बोलायला तो उरला नाही."

"माझी वाट बघू नकोस," लेनोरने वाचलं. "एवढंच?"

"एवढंच."

खाली कुणीतरी लाकडी घोडा ओढत नेत होतं, त्याची चाकं करकरत होती.

"सव्वीस साली एकाने मला मागणी घातली होती," लेनोर म्हणाली. "चांगला माणूस. मी त्याला म्हटलं, माझ्याकडे रोज संध्याकाळी कुणीतरी येतं. तो हसला नाही, बिचारा टोपी घेऊन निघून गेला." आणि एकदम तिचा आवाज चढला. "तू कोण गं? तुला कुणी सांगितलं होतं माझ्या दाराची कडी काढायला?"

"कुणीच नाही."

"आणि मग माझ्याकडे येतं ते कोण? ओसरीच्या तिसऱ्या फळीवर पाय वाजतो. कुत्रं उठून उभं राहतं. पहिलं मेलं, दुसरं आणलं, तेही उभं राहतं. ते काय तुझं पुस्तक वाचून?"

हल्डाने माफी मागितली. वीस वर्षं मनात घोळवलेली माफी तीन शब्दांत संपली. लेनोरने ती घेतली नाही आणि परतही केली नाही. तिने पत्राची घडी घातली, जिन्यापर्यंत गेली, मागे वळून म्हणाली, "अक्षर मात्र सुंदर आहे. तेच नडलं."

त्यानंतर हल्डाने कॅमेऱ्यापुढे हात धरला नाही. माडीवर बसून लिहायची, तेवढंच. जून महिन्यात आयोवाहून एक कार्ड आलं.

'वाट बघणं मी सोडलं. महिनाभर कडी लावून बघितली. तो अजूनही येतो आणि बाहेर उभा राहतो. पत्र खोटं होतं हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ते तुझं काम आहे.'

हल्डा ते कार्ड पर्समध्ये घेऊन फिरली. ऑगस्टमध्ये रजा काढून ती गाडीत बसली.

घर गावाच्या टोकाला, मक्याच्या शेतांना लागून होतं. लेनोरने तिला 'या' म्हटलं नाही, पण टेबलावर ताटं दोन होती. ऊन उतरलं. लेनोरने दिवा लावला आणि हात मांडीवर ठेवून बसली. मका सळसळत होता. तेवढ्यात चुलीजवळचं तपकिरी कुत्रं उठलं आणि दाराकडे तोंड करून उभं राहिलं. फळी वाजली की नाही, हे हल्डाला पुढे कधीच छातीठोकपणे सांगता आलं नाही. आपल्या मानेवरचे केस उभे राहिले, एवढं मात्र ती सांगत असे.

"ऊठ," लेनोर पुटपुटली. "बोल त्याच्याशी."

हल्डाने कडी काढली. ओसरीवर कुणी नव्हतं. दिव्याचा पट्टा पायऱ्यांपर्यंत गेला होता आणि त्यापलीकडे अंगण काळवंडत चाललं होतं. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"ऑरिन, मी हल्डा. तुझं पत्र लिहायला बसले होते ती. तू एक ओळ सांगितलीस, बाकीचं मी पुस्तकातून उतरवलं. येईन असं तू म्हणालाच नव्हतास. तुझ्यावर काही बंधन नाही रे. तू जा."

कुत्रं बराच वेळ तसंच उभं होतं. मग ते हल्डाच्या पायांजवळून बाहेर गेलं, पायऱ्या उतरलं, रस्त्यापर्यंत कुणाच्या तरी बरोबरीने चालावं तसं सावकाश गेलं, आणि तिथून एकटंच धावत परत आलं.

लेनोर टेबलाशी पाठमोरी बसली होती. खांदे हलत होते. हल्डा तिच्यामागे उभी राहिली, पण खांद्याला हात लावायचं तिचं धाडस झालं नाही.

"फळीचा आवाज मला आवडायचा गं," काही वेळाने लेनोर म्हणाली. "हे तुला कसं सांगू?"

मग तिने डोळे पुसले आणि कणसांचं भांडं हल्डाकडे सरकवलं. दोघी जेवल्या. हल्डा सकाळच्या गाडीने निघणार होती, ती चार दिवस राहिली. त्या चार संध्याकाळी कुत्रं चुलीजवळ झोपून होतं.