काचकांडीचं टोक

माझी मावशी एका महाविद्यालयाच्या रसायनशाळेत एकतीस वर्षं काचसामान धुण्याचं काम करत होती. तिथे काही फुटलं, की ती तुकडे थेट केरात टाकायची नाही. आधी कागदावर मांडून जुळवायची आणि भांडं पुरतं जुळलं, एकही तुकडा उरला नाही, की मगच ते टेबल वापरायला द्यायची. प्राध्यापक घड्याळाकडे बघत उभे राहायचे, पण तिच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. निवृत्त होताना तिनं एकच वस्तू मागून आणली, वीतभर लांबीची काचकांडी.

ही कांडी वर्षातून एकदाच बाहेर निघते, नाताळच्या गोळ्यांसाठी. कृती अगदी सोपी आहे. साखर, थोडं ग्लुकोजचं सिरप आणि पाणी उकळायचं. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर टचकन तुटला, की गॅस बंद करून पेपरमिंटचा अर्क घालायचा आणि तेल लावलेल्या ताटात पाक ओतायचा. वडी थिजली की छोट्या हातोडीनं फोडायची. लाकडी चमच्याला मसाल्यांचे वास लागतात, काचेला लागत नाहीत, म्हणून मावशी पाक कांडीनंच ढवळते. इमारतीत आमच्याशिवाय अठरा घरं, म्हणून अठरा पुड्या.

यंदा तेवीस तारखेला सकाळी आठलाच तिच्या पुड्या वाटून झाल्या. मी तिच्याकडेच राहतो आणि लिफ्ट दुरुस्त करतो. माझा डिप्लोमा असला, तरी ती मला चारचौघांत इंजिनिअर म्हणते आणि घरात, "अहो इंजिनिअर, बल्ब गेलाय," म्हणून हाक मारते. त्या दिवशी मला सुट्टी होती. नऊच्या सुमाराला ती भांडी घासत होती आणि अचानक नळाखाली तिचा हात थांबला.

"टोक नाही," ती म्हणाली.

कांडीचं गोल टोक नखभर तुटलेलं होतं. आम्ही मोरी पाहिली, केर उलथापालथा केला, ओट्याखाली झाडू फिरवला. मग तिला आठवलं. दुसरा पाक उतरवल्यावर तिनं गरम कांडी ओल्या ओट्यावर ठेवली होती आणि टिक असा आवाज आला होता. तिला वाटलं, साखर तडकली. तडा गेलेल्या त्याच कांडीनं तिनं पुढचे दोन पाक ढवळले आणि चारही पाकांच्या गोळ्या एकाच परातीत मिसळल्या. म्हणजे काच कुठल्याही पुडीत असू शकत होती.

उरलेल्या चार गोळ्या मी मोबाइलच्या उजेडात धरून पाहिल्या. काही कळेना. कडक पाक आणि काच दोन्ही पारदर्शक, दोन्हीला धार, दोन्हींची चमक सारखीच.

पुड्या परत आणायच्या, यात प्रश्नच नव्हता. कारण काय सांगायचं, हा होता. मी म्हटलं, पाक बिघडलाय असं सांगू, उगाच गावभर बोभाटा कशाला. मावशी गप्प होती. ती गप्प आहे म्हणजे तिला पटलं, असं मी धरून चाललो. तिथेच माझं चुकलं.

समोरच्या दारात बँकेतल्या काकू होत्या. गोळ्या चिकट झाल्यात, नव्या करून देतो, असं मी त्यांना हसत हसत सांगितलं. त्याही हसल्या. "चिकट तर चिकट. आम्ही काय परीक्षक आहोत का?" असं म्हणत त्यांनी पुडीतली एक गोळी काढून तोंडात टाकली.

मावशीनं मला बाजूला सारलं आणि त्यांच्या हनुवटीखाली आपला तळहात धरला.

"थुंका. काच असेल तिच्यात."

काकूंनी गोळी मावशीच्या हातावर टाकली. मग त्या आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. घरात दोन नातवंडं आहेत माझी, एवढंच म्हणाल्या. पुडी माझ्या हातातल्या पातेल्यात आपटली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर मावशी पुढे आणि मी पातेलं घेऊन मागे. प्रत्येक दारात ती एकच वाक्य बोलायची, "गोळ्यांत काच गेली आहे, पुडी द्या आणि खाल्ल्या असतील तर सांगा." कुणी आभार मानले. कुणी जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालं, की हौसेला मोल नसतं, पण डोळे तरी हवेत. मावशी मान खाली न घालता पुढच्या दाराकडे वळली.

अकरापर्यंत सतरा पुड्या मिळाल्या आणि त्यांतली एकही गोळी कुणी खाल्लेली नव्हती. अठरावी तळमजल्यावरच्या शिंपीकाकांची होती. तिच्यातल्या तीन गोळ्या कमी होत्या.

"मी चोखत बसत नाही," ते म्हणाले. "कडाकडा चावतो."

मी डॉक्टरांना फोन लावला. घाबरू नका, पण पोटात दुखलं किंवा रक्त दिसलं तर क्षणभर थांबू नका, असं त्यांनी सांगितलं. शिंपीकाकांनी मशिनवर कापड टाकलं, दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. तुकडा कुठे आहे ते कळेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, म्हणाले.

साखर विरघळते, काच विरघळत नाही. मी हे सांगेपर्यंत मावशीनं पाणी तापत ठेवलं होतं. शिंपीकाकांनी दुकानातून दाट विणीची मलमल आणली. आमच्या चार गोळ्या आणि काकूंची उष्टी गोळी सगळ्यात आधी पाण्यात गेली. काही निघालं नाही. मग ती एकेक पुडी पातेल्यात टाकायची आणि विरघळली की गाळायची. मी मलमल उजेडात धरायचो.

पाचव्या पुडीत एक तुकडा सापडला, अकराव्या पुडीत दुसरा. काळ्या कागदावर कांडी ठेवून मावशीनं दोन्ही तुकडे चिमट्यानं जुळवले. मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी जागा रिकामी राहिली.

बारावी पुडी झाली, तेरावी झाली. शिंपीकाकांची पुडी मावशीनं अगदी शेवटी ठेवली होती. मी हळूच कारण विचारलं, तर ती कुजबुजली, "त्यांचीच आधी पाहिली आणि रिकामी निघाली, तर बाकीच्या होईपर्यंत त्यांनी काय करायचं?"

चौदावी. पंधरावी.

सोळाव्या पुडीच्या वेळी मलमलीवर काहीतरी चमकलं. साखरेचा कण समजून मी त्यावर गरम पाणी ओतलं. तो तसाच राहिला.

मावशीच्या चिमट्यात तो कण येईना. शिंपीकाकांनी चष्मा नाकावर ओढला, शर्टाच्या कॉलरखाली टोचलेली सुई काढली आणि तिच्या टोकानं तो कण हळूहळू सरकवत जागेवर नेला. तो बसला. मावशीनं भिंगातून जोड पाहिला, कांडी फिरवून दुसऱ्या बाजूनंही पाहिला.

"आता जेवू का?" शिंपीकाकांनी विचारलं.

"थांबा. दोन पुड्या राहिल्यात."

जोड पूर्ण झाला होता, पण त्यांनी वाद घातला नाही. दोन्ही पुड्यांत काही निघालं नाही. मग तिनं त्यांना वाढलं. ते जेवून उठेपर्यंत ती भिंतीला टेकून उभी होती, त्यांच्या प्रत्येक घासाकडे बघत.

संध्याकाळी तिनं साडी बदलली आणि पुन्हा सगळी दारं घ्यायला निघाली. मी म्हटलं, फोन करू. ती ऐकेना. काकूंनी साखळी न काढताच फटीतून पाहिलं.

"सापडली. पूर्ण," मावशी म्हणाली.

"बरं," काकू म्हणाल्या आणि दार लागलं.

पदर सारखा करून मावशीनं पुढची घंटी वाजवली.