बोरखडीच्या पेटीतलं एक मत

डोमाजी कुठलाही दोर नुसता डोळ्यांनी बघत नसे. आर्वीच्या बाजारात कुणी दुसऱ्याने वळलेलं दावं दाखवलं की तो ते दोन्ही मुठींत धरायचा, पीळ उलटा फिरवायचा आणि आतला धागा बघायचा. वरून पांढरीशुभ्र अंबाडी गुंडाळून आत कुजका माल घालणारे महाभाग त्याने बरेच पाहिले होते. पुढे पुढे त्याची ही खोड दोरावरून माणसांवर आली. सोयरा जेवणाचं आवतण घेऊन आला तरी याला प्रश्न पडे की आजच काऊन? गाव त्याला शंकासूर म्हणे, आणि काही खोटं म्हणत नसे.

बोरखडी हे आर्वीजवळच्या रोहण्याच्या पलीकडचं दोन कोसांवरचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला अकरा घरांचा मांगपुरा, त्याला लागून चाळीस घरांचा बौद्धपुरा. दोन्ही पुऱ्यांतली माणसं महादेवराव पाटलाच्याच वावरात कापूस वेचत, पण वावराच्या धुऱ्यावर, बांधाला, जेवायला बसताना दोन ठिकाणी बसत. डोमाजी मांगपुऱ्यातला. दोर वळायचा, झाडायचे फडे बांधायचा आणि लग्नात, पोळ्याला, दवंडीला डफडं वाजवायचा. बायको रुख्माबाई वेचणीला जायची. मुलगी नलू सहावीत होती आणि घरातलं वाचणारं माणूस तेवढं एकच.

एकोणऐंशी साल सरत आलं होतं. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. एका सकाळी खुद्द महादेवराव पाटील डोमाजीच्या झोपडीत आले, सोबत आर्वीचे कापसाचे व्यापारी ओमप्रकाश शेठ. पाटील आले आणि चक्क डोमाजीच्या बाजेवर बसले. डोमाजीचा बाप उभा जन्म पाटलाच्या अंगणात उभा राहून मेला, आणि आज पाटील याच्या घरी बसला.  रुख्माबाईने चहा केला. पाटील तासभर गोड बोलत होते, पण कपाला त्यांनी हात लावला नाही. त्यात माशी पडली, डोमाजीने तीही पाहिली.

पाटलाचं म्हणणं असं होतं की डोमाजीने दिल्लीच्या निवडणुकीला अपक्ष उभं राहावं. फॉर्म, अनामत, जीप, पत्रकं, सगळं शेठजी बघतील. डोमाजीने हात जोडून विचारलं की इतकी मोठी मेहरबानी माझ्यावरच काऊन, आणि आजच काऊन?

पाटील हसले. म्हणाले, "आर्वीचा चंद्रभान उभा राहून राह्यला. त्यायचा माणूस उभा राह्यते, तं तुमचा काऊन नाई? जलमभर दुसऱ्याच्या वरातीत डफडंच वाजवसीन काय?"

चंद्रभान म्हणजे आर्वीचा बौद्ध मास्तर. नोकरी सोडून त्याने वेचणीच्या बायांची संघटना बांधली होती आणि गावोगाव मजुरी वाढवून मागत होता. त्याच्याशी डोमाजीचं वैर नव्हतं, पण प्रेमही नव्हतं. बौद्धपुऱ्याच्या विहिरीवर रुख्माबाईचा पाण्याचा गुंड सगळ्यांत शेवटी भरला जाई, हे तो विसरला नव्हता. पाटलाने बोट ठेवलं ते नेमकं त्या दुखऱ्या जागेवर. जगाचा पीळ उलटा फिरवून पाहणाऱ्या डोमाजीने हा दोर तेवढा वरूनच पाहिला आणि हो म्हणाला.

वर्ध्याच्या कचेरीत फॉर्म भरताना साहेबाने त्याला खुर्ची दिली. आयुष्यातली ती पहिली खुर्ची. अंगठा उमटवताना त्याला बापाची आठवण आली आणि डोळे भरून आले. परतताना एसटीत तो उगाच तिकिटाची घडी करत बसला.

चार-पाच दिवसांनी पाटलाचा निरोप आला की बारा बैलजोड्यांची दावी आणि कासरे हवेत, दोन दिवसांत. एवढं काम एका वेळी कधी मिळालं नव्हतं. नवराबायको दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत वळत बसले. फॉर्म भरलेलं नाव मागेही घेता येतं आणि त्यालाही एक शेवटचा दिवस असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो दिवस दोर वळण्यात गेला.

मग पत्रकं आली. वर शिडीचं चिन्ह, खाली डोमाजीचं नाव. नलूने बोट ठेवून वाचून दाखवलं, 'मांगाचं मत मांगाच्या शिडीला'. रुख्माबाई ते पत्रक किती तरी वेळ हातात धरून होती. डोमाजीला मात्र ते वाक्य कुठं तरी टोचलं. तो उभा राहिला होता तो वर्धा जिल्ह्याचा म्हणून, असं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी प्रचाराची जीप पाण्यासाठी थांबली. चालवणारा रूपराव साधा माणूस, पोटात काही न ठेवणारा. डोमाजीने त्याला बिडी दिली आणि हळूच विचारलं की कुठं कुठं फिरून आला. रूपरावने गावं मोजली. सगळीकडचे मांगपुरे.

"आनं पाटील लोकायच्या घराकडे?" डोमाजीने विचारलं.

"तिकडं ही जीप कायले जाईन? तिकडं शेठजीची दुसरी जीप हाये, मोठ्या पार्टीची."

 डोमाजीच्या मनात पीळ आपोआप उलटा फिरला आणि आतला कुजका धागा दिसला. चंद्रभान दिल्लीला जाईल असं बोरखडीत कुणालाच वाटत नव्हतं, चंद्रभानलाही नाही. पण मतं पेटीपेटीने मोजली जात. बोरखडीच्या पेटीत दोन्ही पुऱ्यांची मतं एका ठिकाणी दिसली, तर पुढच्या हंगामात मजुरीचं बोलताना पाटलाला मऊ व्हावं लागलं असतं. ते व्हायला नको होतं. म्हणून डोमाजीला खुर्ची मिळाली होती.

त्याला संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. एवढा शहाणा आपण, आणि एका खुर्चीला भुललो. दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून तो आर्वीला चंद्रभानच्या घरी गेला आणि जे झालं ते सगळं सांगितलं. चंद्रभानने ऐकून घेतलं. पण तोही दुधाने तोंड पोळलेला माणूस. त्याने विचारलं, "पाटलानं पाठवलं का तुम्हाला?"

डोमाजी शपथा घेऊ लागला. चंद्रभानने सांगितलं की नाव मागे घ्यायची तारीख गेली. कोणती तारीख, ते ऐकल्यावर डोमाजीला बारा जोड्यांची दावी आठवली. मग म्हणाला की मी आपल्या तोंडानं लोकांना सांगतो, मले मत देऊ नोका.

"सांगा," चंद्रभान म्हणाला. "खरं काय ते पेटी उघडल्यावर कळेलच."

ते वाक्य डोमाजीच्या मानेवर बसलं. घरी येऊन त्याने डफडं जाळावर शेकलं, गळ्यात अडकवलं आणि आजूबाजूच्या पाच-सहा गावांत दवंडी दिली. "आयका हो, डोमाजीले मत देऊ नोका." लोक पोट धरून हसले. उमेदवार स्वतःच स्वतःला पाडतोय असा तमाशा कुणी पाहिला नव्हता. पाटलाने बोलावणं धाडलं, हा गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून रुख्माबाईची वेचणी बंद झाली.

आणि गंमत अशी की शंकासुराला आता गावभर शंकासूर भेटू लागले. कुणी म्हणे, ही पाटलाचीच चाल असेल. मांगपुऱ्यातला वडीलधारा बंडूजी तर भर अंगणात म्हणाला, "पह्यले शेठजीनं देल्ले, आता चंद्रभाननं किती देल्ले?" डोमाजीला वाटलं जमीन दुभंगावी. आयुष्यभर त्याने लोकांकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने आज लोक त्याच्याकडे पाहत होते.

तेव्हा त्याने शेवटचा उपाय केला. मांगपुऱ्यात दसऱ्याला डफड्याची पूजा होते. त्याच्यावर हात ठेवून माणूस खोटं बोलत नाही. बोलला तर घराण्याचा हात वाजवायचा बंद होतो, अशी समजूत. डोमाजीने डफडं अंगणाच्या मध्ये ठेवलं, पहिला हात स्वतः ठेवला आणि बोलला की माझं मत शिडीला नाही, चंद्रभानच्या चिन्हाला, दिव्याला. मग अकरा घरांतला एकेक गडी पुढे आला. बंडूजी सगळ्यांत शेवटी आला, पण आला. बाया उंबऱ्यात उभ्या राहून पाहत होत्या. बाईने डफड्याला हात लावायचा नसतो.

जानेवारीत मतदान झालं. शाळेच्या वर्गात पुठ्ठ्याच्या आडोशामागे डोमाजी शिक्का घेऊन उभा राहिला. कागदावर शिडी होती, शेजारी त्याचं छापील नाव. खोटं कशाला बोला, हात त्या बाजूला गेला होता. मग त्याने तो ओढून आणला आणि दिव्यावर शिक्का मारला. 

चंद्रभान पडला. तो पडणारच होता. पण त्याच्या माणसाने पेट्यांचे आकडे उतरवून आणले, त्यात बोरखडीच्या पेटीत दिवा सगळ्यांच्या वर होता. दोन्ही पुऱ्यांची मतं पहिल्यांदाच एका ठिकाणी पडली होती. बौद्धपुऱ्यातली पोरं गुलाल घेऊन मांगपुऱ्यात आली. पण त्याच कागदावर खाली शिडीसमोर आकडा होता, एक.

एक मत. सगळ्यांच्या माना डोमाजीकडे वळल्या. पाटलाच्या ओट्यावर हशा पिकला की लेकाने दुसऱ्यांना शपथ घातली आणि आपलं मत आपल्या पदरात टाकून घेतलं. बौद्धपुऱ्यात नुकताच त्याला चहा मिळू लागला होता. चहा बंद झाला नाही, पण देणारा आता दुसरीकडे बघत देऊ लागला. चंद्रभान गावात येऊन गेला. त्याने विचारलं काहीच नाही, आणि तेच डोमाजीला जास्त लागलं. 'डफड्यावर हात ठेवून खोटं बोलला' हे वाक्य त्याच्या पाठीमागे फिरू लागलं. शपथ घेऊन सांगावं तर आता कशाची घ्यायची?

मग त्याने चोर शोधायला सुरुवात केली. बंडूजीवर त्याचा पहिला वहीम. मग बंडूजीच्या भावावर. मग शेजारच्यावर. जो समोर येईल त्याच्या डोळ्यांत तो बघत राही. महिनाभरात त्याने मांगपुऱ्यातल्या प्रत्येक गड्याला एकदा तरी मनातल्या मनात फासावर दिलं. झोप गेली, अन्न जाईना.

होळी जवळ आली होती. नवराबायको अंगणात चऱ्हाट वळत होते. एका टोकाला रुख्माबाई फिरकी फिरवत होती, दुसऱ्या टोकाला डोमाजी अंबाडी सोडत मागे मागे सरत होता आणि तोंडाने त्याचं चालूच होतं, हा नाही तर तो असेल, तो नाही तर त्याचा सासरा. रुख्माबाईची फिरकी थांबली.

"कोनाच्या मांगं लागू नोका," ती म्हणाली. "ते मत माह्यं व्हतं."

डोमाजीच्या हातातली अंबाडी तशीच राहिली. साऱ्या गावाचा त्याने पीळ उलगडून पाहिला होता, आणि घरातल्या माणसाकडे त्याचं बोट एकदाही वळलं नव्हतं. त्याला आधी राग आला. शपथ मोडली, इज्जत घालवली, असं काहीबाही तो बोलला.

"मले कोनी शपथ घातली?" तिने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. "लगन होऊन अठरा वर्सं झाले. तुमचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाई. बाईनं घेऊ नये म्हंतेत. पोरीनं त्या कागदावर दाखवलं, हे बाबाचं नाव, हे त्याची शिडी. थ्या आडोशात कोनी पाहून राह्यलं नव्हतं. मले वाटलं, एक डाव घेऊन पाहावं."

 डोमाजीचा राग कुठं गेला ते त्यालाही कळलं नाही. त्याने विचारलं, "कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाई."

"सांगू नोको," तो म्हणाला, आणि अंबाडी पुन्हा सोडू लागला. तिनेही फिरकी फिरवली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बौद्धपुऱ्याच्या पारावर दोन्ही पुऱ्यांची बैठक भरली. पुढच्या हंगामाच्या मजुरीचं बोलायला पाटील तयार झाला होता आणि बोलायला कोण जाणार ते ठरवायचं होतं. कुणी तरी डोमाजीचं नाव घेतलं. बंडूजी ताडकन उठला. म्हणाला की आधी त्या एका मताचा निकाल लावा, खोटं बोलणारा माणूस आमच्या वतीने नको.  चंद्रभानही बसला होता. डोमाजी महिनाभर ज्या उत्तरासाठी तडफडत होता, ते आता त्याच्या खिशात होतं. बायांच्या घोळक्यात रुख्माबाई खाली मान घालून बसली होती.

"माह्यंच व्हतं ते," डोमाजी म्हणाला.

लोक हसले. दुसऱ्या माणसाचं नाव ठरलं आणि बैठक पुढे सरकली. शेजारी बसलेल्या एकाने डोमाजीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला की चला, आज तरी खरं बोलला. डोमाजीने मान हलवली.