गव्हाच्या मुलखात

अक्काला तिसऱ्यांदा सासरी पाठवायला आम्ही सोलापूर स्टेशनवर गेलो, तेव्हा तिचे गाल पुन्हा भरले होते. तीन महिन्यांपूर्वी ती याच स्टेशनवर उतरली, तेव्हा आईनं तिला आधी ओळखलंच नव्हतं. गाडी हलली तशी आई खिडकीबरोबर चालत म्हणाली, "डब्यात गव्हाचं लाडू हायती, रोज दोन खा. नुसत्या भाकरीनं अंगात रगत न्हाय भरत." अक्का हसून 'व्हय' म्हणाली. मी तेव्हा दहावीत होते. तिला पाहिलं ते शेवटचं.

आमचं गाव सांगोल्याजवळ. पाणी कमी, म्हणून रानात ज्वारीच. गहू विकत आणायचा, तोही सणाला, पाहुण्याला नाहीतर आजाऱ्याला. भाऊजी रेल्वेत, झाशीला. तिकडं दोन्ही वेळा गव्हाच्या रोट्या. लग्न ठरलं तेव्हा आप्पा गावभर कौतुकानं सांगत होते, "पोरगी रोज गव्हाचं खाणार."

सहा महिन्यांत अक्काचं पोट बिघडलं. जुलाब थांबेनात, केस गळायला लागले, ओठ पांढरे पडले. पहिलं मूल पोटात टिकलं नाही. माहेरी आली की मात्र दोन-अडीच महिन्यांत उभी राहायची. आई शिरा करायची, तर ही ताट सरकवून म्हणायची, "मला भाकरीच दे की." सासरचे म्हणू लागले, माहेरी गेली की लगेच बरी होते, सोंग आहे सगळं. हळूहळू आम्हालाही तसंच वाटायला लागलं. आप्पा तिला म्हणाले, "तितं जीव रमवायला शिक." ताटात काय बदललंय, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

दुसरं मूलही टिकलं नाही. त्या रक्तस्रावात अक्का गेली. अंगात रक्तच उरलं नव्हतं, असं भाऊजींनी कळवलं.

पुढं आप्पाही गेले आणि दादानं आईला सोलापुरात आपल्याकडं आणलं. मी नोकरीसाठी नोएडाला गेले. सकाळी पराठा, दुपारी रोटी, संध्याकाळी ब्रेड. सुरुवातीला मजा वाटली. दुसऱ्या वर्षी कपडे ढगळ होऊ लागले. ऑफिसच्या वॉशरूममध्ये एकदा मान वर केली, तर आरशात अक्का होती. तेच पांढरे ओठ, तीच वर आलेली गळ्याची हाडं. त्यानंतर कितीतरी दिवस मी खाली मान घालून हात धुवायचे.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुर्बिणीतून आतडं पाहिलं. म्हणाल्या, "तुम्हाला गहू सोसत नाही. हा गुण रक्तातून येतो. पुष्कळांच्या अंगात असतो आणि त्यांना आयुष्यभर काही होत नाही. काहींचं आतडं मात्र गव्हानं झडत जातं." मग कागदावरून नजर न काढता विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं का?"

मी अक्काचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता खात्रीनं सांगता येणार नाही. पण बहुतेक तेच असावं." घरच्यांचीही तपासणी करून घ्या, असंही म्हणाल्या.

घरी मी एवढंच सांगितलं, की मला गहू बंद केलाय. आई स्वतःला दोष देईल या भीतीनं वर्षभर त्यापुढं गेले नाही. मग दादानं अनूचा, त्याच्या मुलीचा, वाढदिवसाचा फोटो पाठवला. नऊ वर्षांची अनू सहाची दिसत होती. डब्यात रोज चपातीचा रोल, मधल्या सुट्टीत बिस्किटं. भाकरी आता आमच्या घरातही रोजची राहिली नव्हती. मी पुढच्याच गाडीनं सोलापूरला आले.

आई मेथी निवडत होती. मी सांगत गेले तसे तिचे हात थांबले.

"म्हंजे म्याच तिला खा खा म्हणत व्हते."

"तुला कुटं म्हाईत होतं, आई? कुणालाच न्हवतं."

"आदी कळलं असतं तर वाचली असती का? खरं सांग."

खोटं बोलणं सोपं होतं. पण दारात अनू उभी होती.

"बहुतेक वाचली असती."

आई उठली आणि अनूच्या डब्यातल्या चपात्या काढायला निघाली. मला तिला अडवावं लागलं. तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नसतो, नाहीतर दुखणं सापडत नाही. पुढचे पाच दिवस आई नातीच्या ताटात स्वतःच्या हातानं चपाती वाढत होती. वाढून झालं की भिंतीकडं तोंड करून बसायची.

अनूला तेच निघालं. दादाच्याही रक्तात तो गुण होता. पण तो सोलापुरात इतकी वर्षं रोज गहू पचवतोय. डॉक्टरांनाही याचं कारण सांगता आलं नाही. अनूचा गहू सुटला आणि वर्षभरात तिचे फ्रॉक आखूड झाले.

मी अजून नोएडातच आहे. तिकडचे लोक विचारतात, घरची आठवण येते का? येते. पण ते घर आता आठवणीतल्यासारखं नाही. तिथं मी आईला खरं सांगितलं आणि ते आता परत घेता येत नाही. मी गेले की ती समोर बसून जेवू घालते, माझ्या तोंडाकडं बघत राहते. एकदाच म्हणाली, "तू सांगितलंस ते बरं केलंस." मग थोड्या वेळानं, "पर लई उशिरा सांगितलंस."